झोप, स्मरणशक्ती आणि लहान मुलांचा कर्करोग: हे तीन विषय की एकच?

अर्धीवही

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न लांबलचक आहे, पण नीट मांडल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

मी मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करतेय, पुढे पीएचडी करायची आहे. विषय तीन वर्षांपासून डोक्यात आहे: कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांची झोप आणि त्यांची स्मरणशक्ती. परवा एका ज्येष्ठ सरांना भेटले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झोप हा एक विषय, स्मृती हा दुसरा, बालकर्करोग हा तिसरा. लोक दोन दगडांवर पाय ठेवून पडतात, तू तीन दगडांवर ठेवायला निघालीस. एक निवड." सर अनुभवातून बोलले, माझं भलं व्हावं म्हणूनच बोलले. पण मला एक निवडताच येत नाहीये.

कारण घरातलं आहे. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना त्याला ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला, त्यातला मुलांमध्ये जास्त दिसणारा प्रकार, एएलएल. अडीच वर्षं उपचार चालले. केमो, पाठीतून दिलेली इंजेक्शनं, स्टिरॉइडच्या गोळ्या. डोक्याला रेडिएशन द्यावं लागलं नाही. आज तो पंधरा वर्षांचा आहे, रिपोर्ट सगळे चांगले येतात. पण रात्री अकराला माझ्यासमोर बसून धडा घडाघडा म्हणून दाखवतो आणि सकाळी त्यातलं निम्मं गेलेलं असतं. उठवायला चार हाका माराव्या लागतात. घरातले म्हणतात, लक्ष देत नाही. तो स्वतः म्हणतो, "माझं डोकंच तसलं झालंय." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात तुटतं.

मला विचारायचंय ते असं. या तिन्हींवर एकत्र काम करणारं इथे कुणी आहे का? हा खरंच एक विषय होऊ शकतो, की मी भावापायी ओढूनताणून जोडतेय? आणि सुरुवात करायची तर कुठून?

मंदलहर

अर्धीवही, मी गेली बरीच वर्षं याच तिठ्यावर काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. आधी तुझ्या शंकेचं उत्तर: ओढूनताणून नाही. हे तिन्ही एकाच मुलाच्या एकाच रात्रीत घडतं. आपण ते तीन विभागांत वाटून घेतलं आहे, कारण विभाग आपले आहेत.

माझी सुरुवात उंदरांपासून झाली. उंदीर एका अरुंद पट्टीवरून धावायचा आणि त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे नव्या आठवणी टिपणाऱ्या मेंदूच्या भागातल्या, पेशींचा आवाज आम्ही स्पीकरवर ऐकायचो, तव्यावर मोहरी तडतडावी तसा. धावून झालं की उंदीर झोपायचा आणि थोड्या वेळाने तीच तडतड पुन्हा सुरू व्हायची. विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये दाखवलं होतं की जागेपणी ज्या पेशी एकत्र पेटतात त्याच पुढच्या गाढ झोपेत पुन्हा एकत्र पेटतात. कागदावर वाचलं होतं, तरी पहिल्यांदा कानांनी ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

माणसांमधली गोष्ट त्याहून जुनी. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी फक्त दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला लावल्या. जागं राहिलं की तासागणिक विसर वाढत गेला, झोपलं की दोनेक तासांनंतर जवळपास थांबला. त्या काळी लोकांनी अर्थ लावला की झोपेत नवीन काही कानावर पडत नाही म्हणून जुनं टिकतं. आज आपल्याला ठाऊक आहे की झोपलेला मेंदू स्वतः काम करतो. गाढ झोपेतल्या मंद लहरी, त्यांच्यावर बसलेले स्पिंडल, म्हणजे जलद लहरींचे छोटे झुबके, आणि हिप्पोकॅम्पसमधले क्षणभराचे झटके यांचा मेळ जमतो, तेव्हा दिवसभरातलं ताजं मेंदूच्या सालीकडे, म्हणजे बाहेरच्या थराकडे, कायमच्या मुक्कामाला जातं. आणि लहान मुलांकडे ही गाढ झोप मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८ ते ११ वर्षांच्या मुलांनी बटणं दाबायचा एक क्रम नकळत शिकला होता. रात्रभर झोपल्यावर तो क्रम उघडपणे सांगण्यात त्यांनी मोठ्यांना मागे टाकलं. म्हणजे मुलाची झोप मोडली तर मोठ्या माणसाच्या झोपेपेक्षा जास्त काहीतरी मोडतं.

आता कर्करोगाकडे ये. हा इतिहास तुला यायलाच हवा, नाहीतर पुढचं समजणार नाही. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये पहिल्यांदा दाखवलं की औषधाने मुलांमधला ल्युकेमिया काही काळ मागे हटतो. पण तो परत यायचा, आणि बऱ्याचदा यायचा तो मेंदूच्या आवरणातून, कारण रक्तातली औषधं तिथपर्यंत पुरेशी पोचतच नव्हती. डोनाल्ड पिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात डोक्यालाच रेडिएशन द्यायला सुरुवात केली. त्या दशकाच्या अखेरीस निम्मी मुलं बरी व्हायला लागली, जिथे आधी दहातलं एकही धड वाचत नव्हतं. हे किती मोठं होतं ते विसरायचं नाही. पुढे ती मुलं शाळेत गेली तेव्हा किंमत कळली: लक्ष लागत नाही, वेग कमी, बुद्ध्यांक वर्षावर्षाने खाली. रेडिएशननंतर चार ते आठ आठवड्यांनी काही मुलं दिवसाचे बहुतेक तास झोपूनच काढतात, हेही १९७३ मध्ये लिहून ठेवलं गेलं. झोप आणि मेंदूवरचे उपचार यांचा संबंध तेव्हापासून डोळ्यांसमोर आहे. नंतर मात्रा कमी करत करत २००९ मध्ये चिंग-होन पुई यांच्या गटाने दाखवलं की एएलएलमध्ये डोक्याचं रेडिएशन पूर्ण वगळूनही मुलं बरी होतात. आज चांगले उपचार मिळालेल्या मुलांपैकी दहातली नऊ वाचतात. तुझा भाऊ या पिढीतला.

रेडिएशनच्या जागी काय आलं? पाठीतून आणि शिरेतून मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध, आणि डेक्सामेथासोन, म्हणजे डेक्सा, हे स्टिरॉइड. पहिल्याबद्दल मिशेल मोन्जे यांच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये उंदरांत दाखवलं की ते मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे राखण करणाऱ्या पेशी, चाळवतं आणि मायलिन बनवणाऱ्या पेशींची नवी पिढी नीट तयार होत नाही. मायलिन म्हणजे तारेवरचं वेष्टण. ते विरळ झालं की निरोप पोचतो, पण उशिरा.

दुसऱ्याबद्दल जे सांगते ते नीट वाच, कारण माझं सगळं काम त्यावर उभं आहे. रात्रीच्या पहिल्या भागात, जेव्हा गाढ झोप सर्वांत जास्त असते, तेव्हा कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, सर्वांत कमी असतं. हा योगायोग नाही. झोपेचे संशोधक यान बॉर्न यांच्या गटाने १९९९ मध्ये निरोगी तरुणांना झोपेआधी डेक्सामेथासोन दिलं, तर झोपेमुळे शब्दांच्या जोड्या लक्षात राहण्याचा जो फायदा होतो तो नाहीसा झाला. तो प्रयोग करणाऱ्यांच्या मनात कर्करोग नव्हता. २००७ मध्ये पामेला हिंड्स यांच्या गटाने एएलएलच्या शंभर मुलांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं, पाच दिवस डेक्साविना आणि पाच दिवस डेक्सासह. डेक्साच्या दिवसांत झोप बदलली, रात्री जाग येणं वाढलं, थकवा वाढला. त्यांनी स्मृती मोजली नव्हती. हे दोन कागद मी एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि उंदरांचं काम सोडायचं ठरवलं.

वॉर्डातली पहिली रात्र सांगते. आठ वर्षांचा मुलगा, जास्त मात्रेचं मेथोट्रेक्सेट चाललेलं. संध्याकाळी मी त्याच्यासोबत जोड्या लावायचा पत्त्यांचा खेळ खेळले, पंधरा जोड्या पालथ्या. अकरा जोड्यांच्या जागा त्याने पाठ केल्या आणि फार खूश झाला. सकाळी पुन्हा विचारायचं, इतकाच प्रयोग. मेंदूच्या लहरी मोजायच्या तारा लावल्याच नाहीत, कारण तारा चिकटवताना कातडी घासावी लागते आणि ज्याचे प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशी कमी, त्याचं डोकं घासायचं नसतं. मनगटावरचं यंत्र तेवढं बांधलं. एका हातात सुई, म्हणून दुसऱ्या.

मी दाराबाहेरच्या खुर्चीवर वही घेऊन बसले. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडात साचू नये म्हणून भरपूर सलाईन चढवतात, त्यामुळे दर तास-दीड तासाने लघवी. दर वेळी ती मोजायची, पट्टी बुडवून तिची आम्लता बघायची, लिहायची. पंप वाजला, पिशवी बदलली. ताप बघितला. सकाळपर्यंत दार उघडल्याच्या चौदा खुणा माझ्या वहीत होत्या. सकाळी अकरापैकी चार जोड्या आठवल्या. यंत्र उतरवून बघितलं तर ते म्हणत होतं, मुलगा सहा तासांहून जास्त झोपला.

मी त्याला विचारलं, झोप लागली का? म्हणाला, "नाही. मी हललो नाही. हललो की सुई दुखते आणि मशीन वाजतं." मग त्याने रात्रभर कोण कोण आलं ते क्रमाने सांगितलं. करकर वाजणाऱ्या चपलांची मावशी आधी, मग बॅटरी तोंडावर मारणारे काका, मग पुन्हा मावशी. माझ्या वहीशी ताडून पाहिलं, एकही चूक नव्हती. त्याची स्मरणशक्ती शाबूत होती. तो रात्रभर टक्क जागा होता, निश्चल पडून होता, आणि यंत्राने त्याला झोप म्हटलं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक अभ्यासात पहिली नोंद मुलाच्या स्वतःच्या शब्दांत असते. यंत्र त्यानंतर.

तुझ्या भावाबद्दल एकच. सगळं कर्करोगाच्या माथी मारू नकोस. पंधराव्या वर्षी शरीराचं घड्याळ तसंही पुढे सरकतं. त्या वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि रात्री अकरानंतर धडे म्हणून सकाळी शाळेला उठणाऱ्या निरोगी मुलालाही ती मिळत नाही. पण त्याच्या फॉलोअपच्या डॉक्टरांना झोपेबद्दल मुद्दाम सांगा, कारण त्या पाच मिनिटांत रक्ताचे रिपोर्ट बघून होतात आणि झोपेचा विषय कुणी काढत नाही. घोरतो का, थायरॉइड, हिमोग्लोबिन, मन खचलंय का, हे सगळं बघायला हवं. लक्ष आणि स्मृती यांची रीतसर चाचणीही करून घ्या. "डोकंच तसलं" हे निदान नव्हे.

ओवीची आई

मंदलहर ताई, त्या मुलाचं वाचून मला रडू आलं. माझी ओवी सात वर्षांची आहे, ल्युकेमियाचं मेंटेनन्स, म्हणजे उपचारांचा शेवटचा लांब टप्पा, चालू आहे. दर चार आठवड्यांनी पाच दिवस डेक्सा.

मी संशोधक नाही, पण माझ्याकडे एक वही आहे, ती उपयोगी पडेल म्हणून लिहिते. सुरुवातीला फक्त औषधं आणि काऊंट, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, लिहायची. मग झोपही लिहायला लागले, कारण डेक्साच्या आठवड्यात ती रात्री दोनला उठून खायला मागायची आणि मिळेपर्यंत थांबायची नाही. खाऊन झोपली की चारला पाय दुखतात म्हणून पुन्हा जागी. ते व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधामुळे, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी डुलक्या. सहाव्या-सातव्या दिवशी एकदम गळून जायची.

त्याच वहीत मी पाढे लिहायचे, म्हणजे कोणता येतो आणि कोणता नाही. चार महिन्यांची पानं उलटली तेव्हा दिसलं की सहाचा पाढा ती तीन वेळा "नव्याने" शिकली होती. तिन्ही वेळा डेक्साच्या आठवड्यात शिकवला होता. सातचा मधल्या आठवड्यात शिकवला, तो एकदाच शिकवावा लागला. हा पुरावा नाही, एका मुलीची गोष्ट आहे, कळतं मला. पण शाळेत एका बाईंनी तिच्या वहीवर "अभ्यासाची टाळाटाळ" असा शेरा मारला होता. मी ही पानं घेऊन त्यांना भेटले. त्या वाईट नव्हत्या, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्या आठवड्यात नवीन काही शिकवत नाहीत, जुनं गिरवून घेतात.

डॉक्टरांना वही दाखवल्यावर त्यांनी संध्याकाळचा डोस रात्री नऊऐवजी पाचला द्यायला सांगितला. रात्री दोनचं उठणं पूर्ण थांबलं नाही, कमी झालं. कृपया कुणी वाचून स्वतःच्या मनाने वेळ बदलू नका, आमच्या डॉक्टरांनी ओवीपुरतं ठरवलं होतं.

रात्रपाळी

मी त्या दार उघडणाऱ्यांपैकी एक. अकरा वर्षं मुलांच्या कॅन्सर वॉर्डात रात्रपाळी करतेय.

चौदा वेळा वाचून आधी वाईट वाटलं, मग स्वतःची पाळी मोजली. परवा एका खोलीत सोळा वेळा गेले. त्यातल्या नऊ वेळा जाणं भागच होतं. पांढऱ्या पेशी शून्याजवळ असलेल्या मुलाला ताप चढला तर तासाभराचा उशीरही महागात पडतो, तिथे झोप मोडू दे. मेथोट्रेक्सेटनंतरचं ल्युकोव्होरिन, म्हणजे त्याचा उतारा, ठरलेल्या तासालाच द्यावं लागतं, मग मध्यरात्र असो. पण उरलेले सात? एकदा पिशवी बघायला, दहा मिनिटांनी रक्तदाब, मग कचऱ्याचा डबा. हे एका फेरीत होतं. आम्ही तीन जणींनी ठरवून खोलीतली कामं जोडून घ्यायला सुरुवात केली. पंपाची पिशवी संपायच्या दहा मिनिटं आधी जायचं, म्हणजे तो वाजतच नाही. बॅटरी जमिनीकडे धरायची.

आणि आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णाच्या खोलीत रात्री सरासरी ३० डेसिबल असं लिहिलंय. ३० डेसिबल म्हणजे कुजबुज. आमच्या औषधाच्या ट्रॉलीचं एक चाकच त्याहून मोठं बोलतं. तेल घालून घेतलं.

अर्धीवही, तू हे काम करशील तेव्हा परिचारिकांना पहिल्या बैठकीला बोलाव. माहिती गोळा करून झाल्यावर आभाराच्या यादीत नको.

उशिरापोचतो

मी बहुधा इथला एकटाच, ज्याच्यावर हे घडलंय. पाचव्या वर्षी मेंदूच्या मागच्या भागात गाठ होती, मेड्युलोब्लास्टोमा. ऑपरेशन, मग डोकं आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन, मग केमो. आता सव्वीस वर्षांचा आहे.

एक दुरुस्ती सुचवतो. सगळे "स्मरणशक्ती" म्हणतायत. माझ्या बाबतीत ती गोष्ट विसरण्याची नाही. मला सगळं येतं, पण वेळ लागतो. शिक्षक फळ्यावर तिसरी ओळ लिहायचे तेव्हा मी पहिलीवर असायचो. दुसरी माझ्यापर्यंत आलेलीच नसायची. मग परीक्षेत ती आठवली नाही की म्हणायचे, विसरला. जे आत गेलंच नाही ते विसरणार कसं? परीक्षेत जादा वेळ मिळायला लागला त्या वर्षी माझे गुण कुठल्या कुठे गेले.

झोपेचं म्हणाल तर मी नऊ तास झोपतो आणि तरी दुपारी तीनला डोळे मिटतात. वीस मिनिटं पडलो की संध्याकाळ वाचते. कामाच्या ठिकाणी हे सांगायला मला दोन वर्षं लागली.

संशोधन करणाऱ्यांनी घड्याळ लावून चाचणी घेतली की आमचा वेग मोजला जातो आणि त्याला स्मृती हे नाव दिलं जातं. तेवढं बघा.

मंदलहर

उशिरापोचतो, तुम्ही दोन परिच्छेदांत जे लिहिलंत ते मला समजायला काही वर्षं लागली. रेडिएशन किंवा मेथोट्रेक्सेटनंतर बहुतेक मुलांत आधी घसरतं ते लक्ष, प्रक्रियेचा वेग आणि मनात दोन-तीन गोष्टी एका वेळी धरून ठेवणं. साठवण त्यानंतर येते. आणि अपुऱ्या झोपेनेही पहिल्यांदा लक्षच घसरतं. म्हणून दोन्ही वेगळं करणारी मांडणी हवी.

अर्धीवही, मी तुझ्या जागी असते तर वॉर्डाच्या आत सुरुवात केली नसती. ओवीच्या आईच्या वहीपासून केली असती. मेंटेनन्समधली मुलं घरी असतात, शाळेत जातात, आणि त्यांच्या महिन्यात निसर्गतःच दोन भाग पडतात, डेक्साचा आठवडा आणि बाकीचे. म्हणजे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याशीच. वय, घर, हुशारी, आजाराचा प्रकार, सगळं जागच्या जागी राहतं. औषधात तू काहीच बदलत नाहीस, फक्त बघतेस, त्यामुळे नैतिक समितीलाही ते पटतं. पण व्हिन्क्रिस्टिनही त्याच दिवसांत असतं, दुखणंही असतं, त्याची नोंद वेगळी ठेव.

संध्याकाळी पत्त्यांच्या जोड्या शिकवायच्या त्या घड्याळ न लावता, ठरावीक जोड्या येईपर्यंत. हळू शिकणाऱ्याला जास्त फेऱ्या दे. आत गेलंय याची खात्री झाल्याशिवाय रात्र सुरू करायची नाही. सकाळी उठल्यावर लगेच विचारू नकोस, अर्धा तास जाऊ दे, झोपेची गुंगी उतरायला हवी. आणि त्याच मुलासोबत दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवून संध्याकाळी विचार, म्हणजे तितकेच तास जागेपणी गेले तर काय होतं ते कळेल. हा जागेपणाचा भाग गाळलास तर झोपेबद्दल काहीच म्हणता येणार नाही. डेक्साचा परिणाम थेट आठवण्यावरही होतो, हे लक्षात ठेव. त्या आठवड्यात शिकलेलं पुढच्या आठवड्यातही एकदा विचार. तेव्हा सगळं परत आलं, तर ते साठलं होतं आणि फक्त हाती लागत नव्हतं. आलं नाही, तर ओवीच्या सहाच्या पाढ्यासारखं ते मुळात मुक्कामाला पोचलंच नाही. या दोहोंतला फरक मला आजवर धडपणे मोजता आलेला नाही आणि तो कुणीतरी मोजावा असं मला फार वाटतं.

मुलाला खेळायचं नसेल त्या दिवशी खेळ नाही. आईवडिलांनी सही केली तरी त्याची मान हलली नसेल तर परत यायचं.

तुझ्या सरांना म्हण, विषय एकच आहे: डेक्साच्या आठवड्यातली एक रात्र. त्यासाठी तिन्ही विभागांची पुस्तकं वाचावी लागतील, तेवढं वाचेन.

अर्धीवही

सगळ्यांची उत्तरं दोनदा वाचली. ओवीच्या आई, ती पानं कधीतरी बघायला मिळाली तर फार उपकार होतील. रात्रपाळी ताई, पहिल्या बैठकीचं लक्षात ठेवते.

काल रात्री भावाच्या खोलीत जाऊन बसले आणि त्याला विचारलं, दिवा मालवल्यावर तू काय करतोस? मंदलहर ताईंनी त्या मुलाला विचारलं तसंच. आधी म्हणाला, झोपतो. मग बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दाराचा आवाज झाला की जाग येते. कुणाचंही दार. मग कोण आलं ते कळेपर्यंत झोप लागत नाही." आमच्या घरात रात्री बाबा दोनदा उठतात. स्वयंपाकघराचं दार त्याच्या खोलीला लागून आहे आणि त्याची बिजागरी वाजते. नऊ वर्षं आम्ही एका घरात राहतोय आणि हे मला माहीत नव्हतं.

आज बिजागरीला तेल घातलंय आणि ते दार रात्री उघडंच ठेवायचं ठरलंय. त्याने स्वतःहून वही मागितली. पहिली नोंद त्याच्याच अक्षरात आहे: "११:५० ला पडलो. जाग १. कुत्रा." फॉलोअपची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा ही वही आणि चाचणीची विनंती दोन्ही घेऊन जाणार आहोत.

ताई, एक अडलंय. एकाच मुलाला पत्त्यांचा खेळ इतक्या वेळा द्यायचा तर चित्रांचे वेगवेगळे संच लागतील. एक संच सोपा आणि दुसरा अवघड निघाला तर सगळंच फसेल. ते सारखे आहेत हे कसं ठरवायचं?

मंदलहर

आधी निरोगी मुलांवर सगळे संच खेळून बघ, साधारण किती फेऱ्यांत येतात ते मोज, आणि जो फार वेगळा निघेल तो टाकून दे. मग प्रत्येक मुलाला संचांचा क्रम बदलून दे, म्हणजे एकच संच सगळ्यांच्या डेक्साच्या आठवड्यात पडणार नाही. प्राण्यांची चित्रं आणि वस्तूंची चित्रं एका संचात मिसळू नकोस, मुलं प्राणी जास्त लक्षात ठेवतात. माझ्याकडे जुने संच आहेत, कोपरे दुमडलेले आहेत पण चालतील. निरोप पाठव, देते.